जखम भरली, पण हात उघडत नाही: भाजलेल्या मुलांच्या हातासाठी घरी काय करायचं

खानापूरकडच्या एका गावातून आलेली सहा वर्षांची पोर माझ्यासमोर बसली होती. न्हाणीतल्या तापलेल्या बंबावर तळहात टेकला होता, त्याला अडीच महिने झाले होते. जखम केव्हाच वाळली होती, ड्रेसिंग बंद झालं होतं, घरच्यांनी देवाला नारळही फोडला होता. मी टेबलावर स्टीलचं ताट पालथं ठेवलं आणि म्हटलं, "बाळा, ह्यावर हात पसर बघू." तिनं पसरला. मनगट टेकलं, अंगठा टेकला. करंगळी आणि अनामिका मात्र ताटापासून दोन बोटं वर राहिल्या आणि तळहाताखालून माझं पेन आरपार गेलं. आई म्हणाली, "वाळल्यावर आम्ही ती हात सरळ धरणारी कडक पट्टी काढूनच ठेवली. तिला दुखायचं की."

असे हात मी बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी ह्या पट्ट्यातून सतत बघते. कारण बहुतेक वेळा तेच असतं. जखम भरली म्हणजे काम संपलं असं घरच्यांना वाटतं, आणि हात वाकडा होण्याचा खरा काळ तर तिथून सुरू होतो. म्हणून हा लेख आई, बाबा, आज्जी, मामा अशा घरातल्या सगळ्यांसाठी लिहिते आहे. दवाखान्यात मूल आठवड्यातून एकदा, फार तर दोनदा येतं. बाकी सगळे दिवस त्याचा हात तुमच्याकडे असतो.

हात आखडतो कसा

खोल भाजल्यावर जी नवी कातडी येते तिच्यात स्वतःहून आक्रसणाऱ्या पेशी असतात. जखमेचं तोंड मिटवण्यासाठी निसर्गानं केलेली ती सोय आहे. पण जखम मिटल्यावरही ह्या पेशी काम थांबवत नाहीत. वण लाल, जाड, टणक होत जातो आणि आजूबाजूची कातडी आपल्याकडे ओढतो. हे वर्षभर, कधी दीड-दोन वर्षं चालतं. वण फिका, मऊ आणि सपाट झाला की ओढ थांबते.

आता मूल काय करतं ते बघा. तळहात भाजला असेल तर ते मूठ अर्धी मिटून छातीशी धरतं, कारण तसं धरल्यावर ताण बसत नाही. मळहात, म्हणजे हाताची मागची बाजू भाजली असेल तर मनगट खाली लोंबतं ठेवतं. ज्या स्थितीत मुलाला आराम वाटतो, नेमक्या त्याच स्थितीत वण हाताला बांधून टाकतो. पुढे जे काही सांगणार आहे, ते सगळं ह्या एका गोष्टीभोवती आहे.

एक अंदाज उपयोगी पडतो. दहा-पंधरा दिवसांत आपोआप भरलेली जखम सहसा जाड वण ठेवत नाही. तीन आठवड्यांहून जास्त लागले असतील, किंवा कातडी लावायची शस्त्रक्रिया झाली असेल, तर वण येणार असं धरूनच चाला.

पहिला तास, पहिले तीन दिवस

हे थोडक्यात सांगते, कारण लेखाचा विषय पुढचा आहे. पण इथली चूक पुढे महागात पडते.

हात वाहत्या साध्या पाण्याखाली पूर्ण २० मिनिटं धरा. नळ नसेल तर तांब्यानं ओतत राहा. भाजल्यापासून तीन तासांपर्यंत ह्याचा फायदा होतो, म्हणून "आता काय उपयोग" म्हणून सोडू नका. मूल लहान असेल तर बाकीचं अंग चादरीत गुंडाळून ऊबदार ठेवा. बर्फ नको. टूथपेस्ट, शाई, हळद, तूप, किसलेला बटाटा ह्यातलं काहीही नको. त्यानं जखम किती खोल आहे ते डॉक्टरांना दिसत नाही, आणि जंतूंना आयती जागा मिळते. बांगड्या, अंगठी, मनगटाला बांधलेला देवाचा दोरा लगेच काढा. तासाभरात हात सुजतो आणि मग दोरा कापूनही निघत नाही. फोड फोडू नका. स्वच्छ धुतलेल्या सुती कापडात हात सैल गुंडाळा आणि निघा. जखम कितीही लहान दिसली तरी मुलाचा भाजलेला हात डॉक्टरांना दाखवायलाच हवा. विजेचा शॉक असेल तर जास्तच घाई करा, कारण वरून एवढासा डाग दिसतो आणि आत खोलवर मांस जळलेलं असू शकतं.

सूज पहिले दोन-तीन दिवस वाढत जाते. सुजलेला हात कडक होतो, म्हणून ह्या दिवसांत हात छातीपेक्षा वर ठेवायचा. झोपताना दोन उशांवर ठेवा. बसल्यावर ओढणीची झोळी करून गळ्यात अडकवा, पण ती एवढी वर घ्या की बोटं खांद्याच्या दिशेला राहतील. पोटाशी लोंबणाऱ्या झोळीचा काही उपयोग नाही.

आणि एक धोका, जो फार थोड्या घरांना माहीत असतो. लहान मुलांमध्ये अगदी छोट्या भाजण्यानंतरही पहिल्या काही दिवसांत अचानक जोराचा ताप, अंगावर पुरळ, उलट्या-जुलाब आणि गुंगी असं चित्र दिसू शकतं. जखम वरून चांगली दिसत असली तरी हे जंतूंच्या विषामुळे होऊ शकतं आणि जिवावर बेततं. अशा वेळी सकाळची वाट बघू नका. रात्रीच दवाखाना गाठा.

तळहात की मळहात: स्प्लिंटचं गणित

स्प्लिंट म्हणजे हात ठरावीक स्थितीत धरून ठेवणारी कडक पट्टी. ती कशी हवी हे कुठली बाजू भाजली त्यावर ठरतं. दोन्हीसाठी एकच पट्टी चालत नाही, आणि शेजारच्या मुलाची पट्टी आपल्या मुलाला तर मुळीच नाही.

तळहात भाजला असेल तर हात सपाट, उघडा हवा. बोटं सरळ आणि एकमेकांपासून लांब, अंगठा बाजूला, मनगट सरळ किंवा किंचित मागे. आशीर्वाद देणारा हात डोळ्यांसमोर आणा. चालायला शिकणाऱ्या बाळांचे हात बहुतेक असेच भाजतात. तोल सावरायला ती चुलीच्या काठावर, तव्यावर, इस्त्रीवर, मोटारसायकलच्या सायलेन्सरवर हात टेकतात आणि मोठ्या माणसाइतक्या चटकन तो काढून घेऊ शकत नाहीत.

मळहात भाजला असेल तर हाताची स्थिती बदकाच्या चोचीसारखी असते. मनगट २० ते ३० अंश मागे, बोटं मुळाच्या सांध्यात खाली वाकलेली, मधले आणि टोकाचे सांधे मात्र सरळ, अंगठा तळहातापासून पुढे काढलेला. दिसायला विचित्र वाटतं, आणि घरचे लोक नेमकं हेच "सरळ" करायला जातात. करू नका. ही स्थिती सोडली की बोटांची मुळं मागे ओढली जातात, पुढचे सांधे वाकतात आणि हाताचा पंजा होतो. असा हात जेवणाचा घास उचलू शकत नाही.

मळहाताच्या खोल भाजण्यात आणखी एक काळजी आहे. बोटाच्या मधल्या सांध्यावर कातडी फार पातळ असते आणि तिच्याखाली बोट सरळ करणारी शीर (टेंडन) असते. ती शीरही भाजली असेल तर जबरदस्तीनं मूठ वळवल्यानं ती तुटू शकते, आणि मग ते बोट कायमचं वाकडं राहतं. म्हणून हाताचे व्यायाम शिकवणाऱ्या थेरपिस्टला स्पष्ट विचारा, "पूर्ण मूठ वळवायला परवानगी आहे का?" होकार मिळेपर्यंत एकेक सांधा वेगळा हलवा.

ड्रेसिंग करताना प्रत्येक बोट वेगळं गुंडाळलं जातं ना, बोटांमधल्या बेचक्यांमध्ये जाळीचं कापड ठेवलं जातं ना, हे तुमच्या डोळ्यांनी बघा. चारही बोटं एकत्र गुंडाळली तर बेचक्या चिकटून येतात आणि बोटं आखूड दिसू लागतात.

कातडी लावली असेल तर साधारण पहिले पाच-सात दिवस हात हलवायचा नसतो. नवीन कातडीला खालून रक्त मिळायला तेवढा वेळ लागतो. त्यानंतर हालचाल कधी सुरू करायची ते सर्जन सांगतात. ते सांगतील त्या दिवशी सुरू करा. "अजून आठ दिवस जाऊ देत" असं घरी ठरवू नका.

जखम भरेपर्यंत स्प्लिंट बहुधा व्यायाम आणि ड्रेसिंग सोडून बाकी सगळा वेळ असते. मग दिवसा हात मोकळा ठेवून खेळायला द्यायचा आणि झोपताना, दुपारच्या झोपेतसुद्धा, स्प्लिंट घालायची. हे महिनोन्महिने चालतं. स्प्लिंटचं प्लास्टिक गरम पाण्यात मऊ करून हाताच्या मापानं घडवलेलं असतं. म्हणून ती चुलीजवळ, उन्हात किंवा बंद गाडीत ठेवली की तिचा आकार जातो. कोमट पाणी आणि साबणानं धुवा. घातल्यावर अर्ध्या तासानं बोटांची टोकं बघा. निळी, गार, सुजलेली दिसली किंवा मूल मुंग्या येतात म्हणालं तर लगेच काढा आणि फोन करा. मूल भराभर वाढतं, त्यामुळे बसणारी पट्टी दोन-तीन महिन्यांत बसेनाशी होते. ती बदलून घ्यावी लागते.

रोजचा पाऊण तास

दिवसातून चार-पाच वेळा, प्रत्येक वेळी दहा मिनिटं. एकदाच तासभर करण्यापेक्षा हे जास्त उपयोगी पडतं, कारण वण दिवसभर ओढत असतो.

सुरुवातीच्या आठवड्यांत डॉक्टरांनी दुखण्याचं औषध दिलं असेल तर ते व्यायामाच्या अर्धा-पाऊण तास आधी द्या. मुलाला मांडीवर किंवा शेजारी बसवा. समोरासमोर उभं राहून हात ओढू नका, त्याला ती मारामारी वाटते. पूर्ण भरलेल्या कातडीवर थोडं खोबरेल किंवा वास नसलेलं मॉइश्चरायझर लावा आणि अंगठ्याच्या पोटानं गोल गोल चोळा. पहिल्या आठवड्यात अगदी हलक्या हातानं, कारण नवी कातडी घासली तर फोड येतात. कातडी टणक झाली की दाब वाढवा. अंगठ्याखालचा वण पांढुरका व्हायला हवा, एवढा.

मग ताण द्यायचा. हे जवळून सांगते, कारण लिहून दिलेल्या कागदावर हे कधी नसतं. तळहाताचा वण असेल तर मुलाचं मनगट तुमच्या एका हातात घ्या, दुसऱ्या हातानं त्याची बोटं हळूहळू मागे न्या. नजर त्याच्या चेहऱ्यावर नको, वणावर ठेवा. एका क्षणी लाल वण मधोमध पांढरा पडू लागतो, वणात दोरीसारखी एक ताठ रेघ उठून दिसते. तिथे थांबा. त्याच्या पुढे एक केसभरही नको, आणि मागेही नको. मुलाला वीसपर्यंत मोजायला सांगा. मोजता मोजता तो पांढरेपणा थोडा ओसरतो आणि तुमच्या बोटांना जाणवतं की हात एवढासा सैल झाला. तेवढीच त्या वेळची कमाई. सोडा, पुन्हा करा, चार-पाच वेळा. वण मनगटाच्या पलीकडे गेला असेल तर मनगट आणि बोटं एकाच वेळी मागे न्यावी लागतात. मनगट वाकवून बोटं सरळ केली तर हात मोकळा झाल्याचा भास होतो, वण मात्र तसाच राहतो.

झटका कधीही देऊ नका. झटक्यानं वण फाटतो, रक्त येतं, भरताना तो आणखी जाड होतो, आणि मूल तुमच्याजवळ यायचं बंद करतं. मोजणं मुलाच्या ताब्यात द्या. "थांब" म्हणाल्यावर खरोखर थांबा. झोपेत चोरून हात ओढणं आणि "नाही केलंस तर सुई देतील" अशी भीती घालणं, ह्या दोन गोष्टींनी मी चांगली सुधारणारी मुलं मागे गेलेली बघितली आहेत.

ताण देऊन झाला की मुलानं स्वतः हात हलवायचा. उघड-मीट, बोटं फाकव-जुळव, अंगठ्यानं प्रत्येक बोटाच्या टोकाला शिवणं. आपण हलवलेला हात मोकळा होतो, पण मुलानं स्वतः हलवलेला हात कामाला लागतो. दोन्ही लागतात.

खेळ आणि स्वयंपाकघर

चार वर्षांचं मूल "बोटं दहा वेळा उघड" असं सांगून ऐकत नाही. ते भाकरी थापतं. तळहाताच्या वणाला जोंधळ्याच्या भाकरीइतका चांगला व्यायाम मी तरी बघितलेला नाही. पीठ कोमट पाण्यात मळा, छोटा गोळा मुलाला द्या आणि पसरलेल्या पंजानं थापायला सांगा. बोटं आपोआप सरळ होतात, तळहातावर समान दाब बसतो, आणि मोडली तर मोडली. चुलीपासून लांब, अंगणात किंवा सोप्यात बसवा. भाजलेलं मूल जाळ बघून थरथरतं. त्याला त्यावरून बोलू नका. ती भीती हळूहळू जाते.

तळहातासाठीच नमस्कार आहे. दोन्ही तळवे पूर्ण चिकटवायचे आणि कोपरं वर उचलत जायची. भिंत ढकलणं आणि घोडा-घोडा खेळताना तळव्यांवर रांगणं ह्यांचाही तसाच उपयोग होतो. दिवाळी जवळ असेल तर किल्ला करायला बसवा. आपल्याकडे पोरं महिनाभर आधी माती जमवायला लागतात, आणि बुरूज थापणं हे उत्तम काम आहे. खानापूरची कुंभारी माती मिळाली तर तिच्यासारखी मऊ, चिवट माती दुसरी नाही. फक्त कातडी पूर्ण भरलेली हवी, आणि माती वाळून कातडी ओढू लागण्याआधी हात धुऊन तेल लावायचं.

मळहाताच्या वणाला उलटं काम लागतं, मूठ वळण्याचं. लाडू वळणं, ओलं फडकं पिळणं, दोरी ओढणं, बॅट धरणं. मूठ पूर्ण होत नसेल तर बॅटच्या मुठीला कापड गुंडाळून जाड करा आणि दर आठवड्याला एकेक वेढा कमी करत जा. मुलाला स्वतःला दिसतं की मूठ लहान होते आहे.

अंगठ्याच्या बेचक्यासाठी पाण्यानं अर्धा भरलेला तांब्या उचलायला द्या. तो धरायला अंगठा लांब जावाच लागतो. बारीक कामासाठी मटार सोलणं, शेंगा फोडणं, अबोली ओवणं, रांगोळीची चिमूट, गोट्या. टिचकी मारून गोटी उडवायला बोटाचा प्रत्येक सांधा लागतो. एकच हात भाजला असेल तर मूल सगळं दुसऱ्या हातानं करू लागतं. दिवसातून अर्धा तास चांगल्या हातात मोजा घाला आणि खाऊ समोर ठेवा.

दीड-दोन वर्षांच्या बाळाला व्यायाम असा नसतोच. झोपेत स्प्लिंट, जागेपणी खुळखुळा, टाळ्या, आणि मोठी वस्तू दोन्ही हातांनी उचलायला लावणं, एवढं सातत्यानं झालं तरी पुष्कळ.

वण, घट्ट हातमोजा आणि खाज

जाड वणासाठी दोन साधनं दिली जातात, सिलिकॉनची शीट आणि मापानं शिवलेला घट्ट हातमोजा. शीट पहिल्या दिवसांत दोन-चार तास लावा, पुरळ आलं नाही तर हळूहळू दिवसरात्र. रोज शीट आणि कातडी दोन्ही साबणानं धुवा. उघड्या जखमेवर लावू नका.

हातमोजा दिवसाचे २३ तास घालायचा असतो. उरलेला तास आंघोळ आणि मालिश. एवढ्या वेळाला मुलं कंटाळतात, उन्हाळ्यात घाम येतो, आणि खानापूरच्या पावसात धुतलेला मोजा दोन दिवस वाळत नाही. म्हणून जोड दोन घ्याच. सावलीत, पंख्याखाली वाळवा. चुलीवर टांगलेल्या मोज्याचा ताण जातो आणि मग तो नुसताच कापडाचा मोजा उरतो. साधारण तीन महिन्यांत तो ढिला पडतो किंवा हात वाढतो, मग नवा शिवून घ्या. माझं मत विचाराल तर, पैसे मोजून आणायचे असतील आणि दोन्ही परवडत नसतील, तर आधी स्प्लिंट आणि येण्या-जाण्याला पैसे ठेवा. मोजा वण सपाट करायला मदत करतो, पण बोट आखडण्यापासून वाचवायचं मुख्य काम स्प्लिंट आणि हालचाल करतात.

खाज हा मुलांचा सगळ्यात मोठा त्रास आहे आणि मोठी माणसं तो हसण्यावारी नेतात. ती वणातून येते, रात्री वाढते आणि मूल खाजवून कातडी फोडतं. नखं कापा, दिवसातून चार-पाच वेळा मॉइश्चरायझर लावा, खाजेच्या जागी ओला गार कपडा ठेवा, खाजवण्याऐवजी तळव्यानं हलकं थोपटायला शिकवा. तरी झोप होत नसेल तर डॉक्टरांकडून औषध घ्या. ऊन पहिलं वर्ष-दीड वर्ष वणावर पडू देऊ नका, नाहीतर तो काळा पडतो. शेतात नेताना पूर्ण बाहीचा शर्ट आणि मोजा.

पंजाची वही

शंभर पानी वही घ्या. दर रविवारी मुलाचा हात पानावर शक्य तेवढा पसरवून पेन्सिलीनं आखा आणि खाली तारीख लिहा. मळहात भाजला असेल तर मूठ वळवून बोटांची टोकं आणि तळहात ह्यांच्यात किती अंतर राहतं ते मोजपट्टीनं मोजून लिहा. रोज बघणाऱ्याला फरक कळत नाही, वहीत तो कळतो. सलग दोन रविवार पंजा आकसलेला दिसला तर पुढच्या तारखेची वाट न बघता दवाखान्यात या. दोन आठवड्यांत आखडलेलं बोट स्प्लिंटनं सुटतं, सहा महिन्यांनी बहुधा सुटत नाही.

शाळा

जखम भरली की शाळेत पाठवा. घरी ठेवलेल्या मुलाचा हात जास्त आखडतो. बाईंना आधी भेटून तीन गोष्टी सांगा. हातातला घट्ट मोजा काढायचा नाही. लिहायला वेळ जास्त द्या, पण लिहिण्यातून सूट नको. आणि डब्याचं झाकण, बटण, चपलेचा बंद ही कामं दुसऱ्या कुणी करून द्यायची नाहीत. पेन्सिल धरता येत नसेल तर तिच्यावर सायकलच्या ट्यूबचा तुकडा चढवा. वर्गातल्या मुलांनी हाताकडे बघून विचारलं तर काय सांगायचं ते घरी ठरवा आणि म्हणून घ्या: "गरम लागलं होतं, आता बरं होतंय, शिवलं तरी तुला होत नाही." तयार उत्तर असलेलं मूल हात खिशात लपवत नाही.

दवाखाना, बस आणि भाषा

बेळगावात जिल्हा रुग्णालय, म्हणजे बिम्स, आणि केएलईचं डॉ. प्रभाकर कोरे रुग्णालय ही मोठी ठिकाणं. निपाणीच्या बाजूच्या लोकांना कोल्हापूरचं सीपीआर हे सरकारी रुग्णालय जवळ पडतं. जाताना आयुष्मान भारत-आरोग्य कर्नाटकचं कार्ड, रेशनकार्ड आणि मुलाचं आधार बरोबर ठेवा. दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबाला ह्या योजनेत वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार मिळतात. तातडीचं नसेल तर सरकारी दवाखान्याची चिठ्ठी आधी घ्यावी लागते. सीमेपलीकडे जात असाल तर कार्ड तिथे चालेल का हे दाखल होण्याआधी योजनेच्या काउंटरवर विचारून घ्या.

फेऱ्या चुकण्याचं मोठं कारण गाडीभाडं असायचं. जून २०२३ पासून शक्ती योजनेत कर्नाटकातल्या बायका-मुलींना राज्याच्या आत सरकारी साध्या बसमध्ये तिकिटाचे पैसे लागत नाहीत. आईला ओळखपत्र दाखवून येता येतं. तेव्हा तारीख पाळा.

भाषेचंही सांगते. डिस्चार्जचा कागद बहुधा इंग्रजीत असतो, सिस्टर कन्नडमध्ये समजावतात, आणि आई मान हलवून घरी जाते. कळलं नाही तर तिथेच पुन्हा विचारा. व्यायाम त्यांच्यासमोर करून दाखवा आणि मोबाइलवर व्हिडिओ काढून घ्या. चार शब्द ओळखीचे असू देत: "मडचु" म्हणजे वळव, "बिच्चु" म्हणजे उघड, "नोवु" म्हणजे दुखणं, "तुरिके" म्हणजे खाज.

शस्त्रक्रिया लागली तर

सगळं नीट करूनही काही हातांना आखडलेली कातडी मोकळी करायची शस्त्रक्रिया लागते. त्यात तुमची चूक असतेच असं नाही. वणाची कातडी हाडाच्या वेगानं वाढत नाही, हाड मात्र वाढत असतं, त्यामुळे चौथ्या वर्षी सुटसुटीत असलेलं बोट नवव्या वर्षी ओढलं जाऊ शकतं. सर्जन शक्यतो वण मऊ होईपर्यंत थांबतात. पण सांधा वाकडा वाढू लागला किंवा हात कामच करेनासा झाला तर आधी करतात. शस्त्रक्रियेनंतर स्प्लिंट आणि ताण पुन्हा पहिल्यापासून, कित्येक महिने. तेवढी तयारी नसेल तर तारीख घेण्याआधी सर्जनला तसं सांगा. लावलेली नवी कातडीही आक्रसते.

त्या खानापूरच्या पोरीची अनामिका सात महिन्यांत ताटाला टेकली. करंगळी शेवटपर्यंत टेकली नाही, तिची शस्त्रक्रिया करावी लागली. तिची आई अजून वही घेऊन येते. आता दर रविवारी नाही, सहा महिन्यांतून एकदा, आणि पोरीची उंची वाढायची थांबेपर्यंत ती येणार आहे. तुमच्याकडेही वण मऊ झाल्यावर वही माळ्यावर टाकू नका. मुलाच्या वाढदिवसाला आणि त्यानंतर सहा महिन्यांनी पंजा आखा, मागच्या पानाशी लावून बघा, आणि एखादं बोट मागं राहिलेलं दिसलं तर वही घेऊनच या.